पाकळ्यांच्या गालिच्यात रंग कालवलेला नसतो

इटलीत उंब्रिया प्रांतातल्या स्पेल्लो गावाचे फोटो दरवर्षी मे-जूनमध्ये फिरायला लागतात. दगडी गल्ल्यांतून फुलांचे गालिचे पसरलेले, आणि फोटोखाली हमखास कुणीतरी म्हणतं, ‘रंग मारलाय.’ नाही मारलेला. तिथला नियमच आहे की कृत्रिम रंग चालणार नाही, जे काही वापराल ते वनस्पतीचंच हवं. ‘कॉर्पुस दोमिनी’ या, येशूच्या शरीराच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या कॅथलिक सणाच्या आदल्या रात्रभर गावकरी पाकळ्या मांडतात आणि सकाळी धार्मिक मिरवणूक त्यांवरून चालत जाते.

मग तोडलेल्या पाकळीचा रंग टिकतो कसा?

पिवळा-केशरी रंग बहुधा कॅरोटिनॉइड या (गाजरातल्यासारख्या) रंगद्रव्यांचा असतो आणि तो पेशीतल्या वर्णलवकांत, म्हणजे रंग साठवणाऱ्या कणांत बसतो. लाल, जांभळा, निळा मात्र अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. ही पेशीच्या रिक्तिकेतल्या, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीतल्या पाण्यात विरघळलेली असतात आणि सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) बदलला की रंग बदलतात. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून बघा: लिंबू पिळलं की पाणी लालबुंद, खायचा सोडा टाकला की हिरवट.

इथे एक सुरस भानगड आहे. लाल गुलाब आणि निळं कॉर्नफ्लॉवर या दोन्हींत रंगद्रव्य एकच, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी दाखवलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना 1915 चं नोबेलही मिळालं. फरक सामूचा, म्हणजे लाल गुलाबाचा रस आम्लधर्मी आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरचा अल्कधर्मी, असं त्यांचं म्हणणं. पण कॉर्नफ्लॉवरचा रसही आम्लधर्मीच निघाला! खरा उलगडा 2005 मध्ये जपानी संशोधकांनी स्फटिकरचना मांडली तेव्हा झाला: अँथोसायनिनचे सहा रेणू, फ्लेव्होन या फिकट रंगद्रव्याचे सहा, लोहाचा एक आयन (विद्युतभारित अणू), मॅग्नेशियमचा एक आणि कॅल्शियमचे दोन, सगळे मिळून एकच भलामोठा रेणुसंकुल. धातूंनी बांधून ठेवल्यामुळे आम्लातही तो निळाच राहतो.

गुलाबाला हे कवच नाही. तोडल्यावर पाकळीतली साखर संपत जाते, प्रथिनं मोडू लागतात, अमोनिया सुटतो, रिक्तिकेचा सामू चढतो आणि लाल पाकळी जांभळट होते. चुरगळली तर आणखी वाईट. रिक्तिका फुटते, आतली फिनॉल नावाची रसायनं विकरांना (एन्झाइमांना) भेटतात आणि चिरलेलं वांगं पडतं तशी पाकळी काळी पडते. विकरांना काम करायला पाणी लागतं. म्हणून स्पेल्लोत बऱ्याच पाकळ्या आधीच वाळवून, कुटून ठेवतात. पाणीच काढून घेतलं की विकरं गप्प.

या सणाला चमत्काराची जोड आहे. 1263 मध्ये इटलीतल्या बोल्सेना इथे प्रसादाच्या भाकरीतून रक्त आलं अशी कथा आहे, आणि 1264 मध्ये पोप चौथे अर्बन यांनी हा सण सगळ्या चर्चला लागू केला. पुढे 1819 मध्ये इटलीतल्याच पादुआजवळ मक्याच्या पिठाचा पोलेंटा (घट्ट लापशी) असाच ‘रक्ताळला’, लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या इटालियन औषधनिर्मात्यांनी तपासलं तर तो निघाला एक सूक्ष्मजीव, आजचा सेराशिया मार्सेसेन्स. बोल्सेनात तोच होता हे आता सिद्ध करता येणार नाही. पण भाकरी लाल व्हायला चमत्कारच लागतो असं नाही, एवढं नक्की.

स्पेनच्या तेनेरिफे बेटावर ला ओरोताव्हा गावातही याच सणाला रस्त्यांवर फुलांचे गालिचे घालतात. नगरपालिकेसमोरच्या चौकातला मोठा गालिचा मात्र तेइदे ज्वालामुखीच्या रंगीत मातीचा असतो. तो पुरा व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो; तेवढ्यात कुठल्याही पाकळीचा पाचोळा झाला असता.