गळ्याचे पदक, अभिनयाचे पदक : संगीत नाटकांच्या नामांकनवादाची पार्श्वभूमी

संगीत नाटकांच्या पारितोषिकांची नामांकने जाहीर झाली की नागपुरातल्या रसिकांत जी चर्चा सुरू होते, तिचा रोख सहसा विजेत्यावर नसतो. तो यादीत नसलेल्या नावावर असतो. ज्या नटाने अंकामागून अंक गाऊन भूमिका उभी केली, त्याचे नाव गायनाच्या यादीत दिसते आणि अभिनयाच्या यादीत दिसत नाही. ज्याने एकही पद म्हटलेले नसते, तो मात्र अभिनयाच्या यादीत हमखास असतो. हे मुद्दाम डावलणे आहे की वर्गवारीचा अटळ परिणाम, याविषयी दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. पण ही वर्गवारी आली कुठून, हे क्वचितच विचारले जाते.

नाटक मंडळ्यांच्या काळात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पुढची अर्धशतकभर नटाला पावती मिळे ती ‘वन्समोअर’ने, आणि ती देणारा प्रेक्षक गाणे किती आणि काम किती अशी फोड करीत बसत नसे. तरीही ‘गायक नट’ आणि ‘गद्य नट’ हे शब्द बोलण्यात होतेच. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हा सिंधूची पदे बालगंधर्वांकडे होती आणि सुधाकराचे मुख्यतः गद्य काम गणपतराव बोडसांकडे होते; नाटक दोघांनी मिळून तोलले. पुढे १९५५ मध्ये केंद्रीय संगीत नाटक अकादमीने बालगंधर्वांचा गौरव केला, तो अभिनयासाठी. आजच्या वादात या नोंदीची आठवण कुणी काढत नाही, याचे आश्चर्य वाटते.

हौशी नाटकांची राज्यस्तरीय स्पर्धा पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास तत्कालीन मुंबई राज्यात सुरू झाली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे नागपूरकरांच्या वाट्याला ही स्पर्धा आली ती आधीच घडी बसलेली. कालांतराने संगीत नाटकांसाठी स्पर्धेची वेगळी शाखा निघाली, आणि तिथे पारितोषिकांची जी मांडणी रूढ झाली तीच आजच्या वादाचे मूळ आहे : अभिनयाचे पारितोषिक वेगळे, गायनाचे वेगळे.

या निर्णयामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. उत्तम गळ्याचा नट आणि उत्तम गद्य नट यांना एकाच तागडीत तोलले, तर टाळ्यांच्या जोरावर गळाच जिंकेल आणि संगीत नाटकात निव्वळ संवादांवर उभ्या असलेल्या भूमिका कायमच्या मागे पडतील, ही भीती रास्त होती. ‘मानापमान’मधला लक्ष्मीधर किंवा ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव यांच्यासारख्या गद्य भूमिका करणाऱ्यांना स्वतंत्र न्याय मिळावा, हे कुणीही मान्य करील. शिवाय सुरांची पारख असलेला परीक्षक आणि रंगमंचाची पारख असलेला परीक्षक एकाच व्यक्तीत मिळणे कठीण असल्याने, दोन गोष्टी दोन रकान्यांत नोंदवणे सोयीचेही होते.

परंतु रकाना एकदा आखला की तो परीक्षकाच्या नजरेलाही वळण लावतो. गाणाऱ्या नटाला गायनाचे पदक दिले की त्याचे देणे चुकते झाले, अशी समजूत आपोआप तयार होते आणि अभिनयाचे पदक मग ‘दुसऱ्या कुणाला तरी’ देण्याकडे कल झुकतो. मोठी हानी याच्याही पुढची आहे. पद म्हणजे संवाद थांबवून घेतलेली विश्रांती, असे या मांडणीत गृहीत धरले जाते. वास्तविक चांगल्या संगीत नाटकात पात्राच्या मनातली उलथापालथ पदातच होते; समेवर येताना नटाने कुणाकडे पाहिले, तान कुठे आवरली, सहकलाकाराचे वाक्य अंगावर घेऊन पद कसे उचलले, हे सारे अभिनयच आहे. ते गायनाच्या रकान्यात मोजले जात नाही, कारण तिथे सूर, ताल आणि तयारी पाहिली जाते. अभिनयाच्या रकान्यातही ते येत नाही, कारण तिथला परीक्षक पद सुरू झाले की लेखणी खाली ठेवतो. गायक नटाचे सर्वांत अवघड काम असे दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर पडून राहते.

नागपूरकरांना हे उदाहरण देऊन पटवावे लागत नाही. १९६७ च्या डिसेंबरात मुंबईत रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिले ते नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी, आणि त्यातले गवई खाँसाहेब उभे केले ते नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेल्या वसंतराव देशपांडे यांनी. या नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन अंगांनी येते, आणि त्या दोन गायकींतला फरक हाच दोन माणसांच्या स्वभावांतला फरक आहे. खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची असूया आणि अखेरची शरणागती यांतले गाणे बाजूला काढून उरलेल्या अभिनयाला गुण द्या असे सांगितले, तर परीक्षकाने नेमके काय पाहायचे? २०१५ मध्ये या नाटकावर चित्रपट झाला, तेव्हा खाँसाहेबांचा चेहरा एका नटाचा आणि गळा दुसऱ्या गायकाचा होता. चित्रपटात ते स्वाभाविकच आहे. पण रंगभूमीवरची दोन पदकांची रीत नेमके हेच करते, फक्त तिथे दोन तुकडे होतात ते एकाच माणसाचे. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहाच्या पायऱ्यांवर हा वाद अनेकदा रंगतो, त्यालाही वसंतरावांचेच नाव आहे.

दुसरा गुंता ‘नामांकन’ या शब्दाचा आहे. हौशी स्पर्धेत ही पायरी नव्हती आणि नाही. तिथे थेट निकाल लागतो आणि पदकाखालोखाल अभिनयाची गुणवत्ता प्रमाणपत्रे दिली जातात. निवडणुकीच्या अर्जासाठी मराठीत ‘नामनिर्देशन’ हा शब्द आहे, तर ‘नामांकित’ म्हणजे कीर्तिवंत. दूरचित्रवाहिन्यांच्या आणि खाजगी संस्थांच्या पारितोषिक सोहळ्यांबरोबर ‘नामांकन’ रुळले आणि या दोन अर्थांची सरमिसळ झाली : यादीत नाव नसणे म्हणजे केवळ निवड न होणे, एवढेच राहिले नाही, ते नामांकित नसल्याचे प्रमाणपत्र वाटू लागले. पूर्वी कोण जिंकले तेवढेच कळे. आता तीन-चार नावांची यादी आधी येते आणि पाचवे नाव कोणते असायला हवे होते, हे ज्याला त्याला दिसते. ‘डावलले’ हा शब्द तिथून सुरू होतो, आणि त्यात हेतूचा आरोप गृहीत असतो, जो बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही.

अमेरिकेतील टोनी पुरस्कारांचा दाखला आता इथेही दिला जातो, म्हणून एवढे नोंदवणे आवश्यक आहे की तिथे गद्य नाटकातील आणि संगीतिकेतील अभिनयाची पारितोषिके वेगळी आहेत, पण गायनाचे स्वतंत्र पारितोषिक नाही. तिथले भांडण प्रमुख भूमिका कोणती आणि सहायक कोणती यावर होते. तो प्रश्न आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. २०१७ च्या ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच स्त्रिया आहेत आणि दोघीही गातात, त्यांतली सहायक कोण, हे ठरवणे हास्यास्पद आहे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणारी, नाचणारी आणि भिंत होणारी ब्राह्मणांची रांग हीच एक भूमिका आहे, पण रांगेला पदक देण्याची सोय कुठल्याच यादीत नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा उल्लेख या चर्चेत सहसा होत नाही, तो करायला हवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी झाल्यावर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत रात्र-रात्र चालणारी नाटके गाण्याशिवाय उभी राहत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे त्यांचे मुख्य ठाणे आहे. तिथला प्रेक्षक आवडलेल्या नटाला जागच्या जागी बक्षीस देतो आणि ते गाण्यासाठी की कामासाठी, असे विचारत नाही. २०२३ मध्ये या रंगभूमीवरच्या एका नटाला पद्मश्री मिळाली.

गेल्या काही वर्षांत ‘गायक-अभिनेता’ असे तिसरे पारितोषिक ठेवावे अशी सूचना पुढे येते. तिच्यावरचा आक्षेप असा की संगीत नाटकांची संख्या मुळातच कमी, त्यात आणखी एक यादी वाढवली तर प्रत्येकाला काहीतरी मिळेल आणि पदकाचे मोल उरणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. मात्र रकाने वाढवण्यापेक्षा कमी करावेत, गायनाचे पदक अभिनयात विलीन करून परीक्षकांत निदान एक जण संगीताचा जाणकार असण्याची अट घालावी, या पर्यायाला गद्य नटांकडून विरोध आहे, आणि तो त्यांच्या बाजूने पाहता समजण्यासारखा आहे : त्यांच्यासाठी तागडी पुन्हा तीच होते, जी टाळण्यासाठी दोन पदके केली गेली होती.