ठिणगी होती तेव्हा कानस, ठिणगी गेली तेव्हा कागद: मोर्स कीच्या पॉइंटची पार्श्वभूमी

मोर्स की म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत तार किंवा रेडिओ संदेश पाठवायची हाताने दाबायची दांडी. तिचे कॉन्टॅक्ट, म्हणजे पॉइंट, कसे साफ करायचे असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. जुनी माणसं म्हणतात बारीक कानस फिरव, नवे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, म्हणतात कानस लावलीस तर की गेली म्हणून समज, नुसता कागद ओढ. मला आधी वाटायचं दोघांपैकी एकजण चुकतोय, पण मागचा इतिहास बघितला तर दोघंही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा.

सोलापुरात रेल्वे आली १८६० ला, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, आणि रुळाबरोबर तारेचे खांब आलेच. तेव्हापासून पुढं कितीतरी पिढ्यांच्या कानात तार मास्तरच्या टेबलावरचं ते कडकट्ट कडकट्ट बसलेलं होतं. तार आली म्हटलं की घरात आधी रडारड, मग वाचन. २०१३ च्या जुलैमध्ये सरकारी तारसेवा बंद झाली तेव्हा कुणी फारसं रडलं नाही म्हणा.

की म्हणजे काय तर एक स्विच, दुसरं काही नाही. पितळेची दांडी, मध्ये खिळ जिच्यावर दांडी डोलते, मागं स्प्रिंग, खाली दोन ठिपके एकमेकांना टेकतात, तेच पॉइंट. मोर्ससाहेबांच्या पहिल्या यंत्रात तर की नव्हतीच, दातेरी खिळे पट्टीत बसवून ती पट्टी सरकवायची असा खटाटोप होता. हाताने दाबायची दांडी आली ती १८४४ च्या वॉशिंग्टन-बाल्टिमोर लाइनच्या वेळी, आल्फ्रेड व्हेल या त्यांच्या जोडीदाराकडून. आणि दांडी आली तशी पॉइंटची कटकट पण आली.

कटकट कशाची, तर ठिणगीची. तारेच्या पलीकडच्या टोकाला साउंडर, म्हणजे तो कडकट्ट आवाज करणारी इलेक्ट्रोमॅग्नेटची गुंडाळी, आणि गुंडाळीचा स्वभाव असा की करंट तोडला की ती जोरात उलटा झटका देते. तो झटका नेमका कीच्या दोन ठिपक्यांमध्ये ठिणगी होऊन निघतो. दिवसभरात हजारो वेळा. साधं पितळ असेल तर जळतं, काळं पडतं, एका बाजूला खड्डा पडतो आणि समोरच्या बाजूला टेंगूळ येतं, मग ती दोन अडकून बसतात, की उचलली तरी लाइन सुटत नाही. स्कूटर ज्यांनी वापरलीय त्यांना हे सांगायला नको, मेकॅनिक म्हणायचा ना, पॉइंट घासावे लागतील, कंडेन्सर बदला. तीच गोष्ट की हो. कीला पण ठिणगी मारायला कंडेन्सर आणि रेझिस्टर लावतात.

यावर तारवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे प्लॅटिनम. हवेत गंजत नाही, १७६८ अंशाला वितळतं, ठिणगीला दाद देत नाही. महाग, म्हणून नुसता इवलासा ठिपका बसवायचा, बाकी सगळी की पितळेची. पुढं पहिल्या महायुद्धात प्लॅटिनमचे भाव भडकले, कारण जगाचं बहुतेक प्लॅटिनम रशियातून यायचं आणि इकडं दारूगोळ्याच्या ॲसिडसाठी पण तेच लागायचं. मग चांदी आणि टंगस्टन जास्त दिसायला लागले. टंगस्टन ३४२२ अंशाला वितळतं, ठिणगीला तर बापच, पण त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर कमी व्होल्टेजला फुटत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागतो.

त्या काळात थर बसला तरी चालायचं कारण लांबच्या लाइनला बॅटरी शंभर व्होल्टच्या वर जायची, ठिणगी खायची पण आणि साफ पण करायची. बिनतारीच्या सुरुवातीला स्पार्क ट्रान्समीटर, म्हणजे ठिणगीतून रेडिओ लहरी काढणारी यंत्रं, होते, त्यात तर की थेट ट्रान्सफॉर्मरचा कित्येक अँपिअर करंट तोडायची, म्हणून त्या कीचे पॉइंट चांगले जाडजूड. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी कीवर ८ अँप असं छापलेलंच असतं. अशा पॉइंटला कानस मारायची म्हणजे टेंगूळ सपाट करायचं, आणि ते गरजेचंच होतं.

आता आजचा रेडिओ सेट बघा. ट्रान्झिस्टरचा, कीच्या दोन टोकांत पाचेक व्होल्ट आणि करंट मिलिअँपिअरमध्ये. ठिणगी नाही, म्हणजे पॉइंट जळत नाही, पण मळ पण जळत नाही! चांदीवर हवेतल्या गंधकाने काळा सल्फाइडचा थर येतो, आणि आपल्याकडं त्यात धूळ आणि यंत्रमागाच्या गावातली रुई. मग डॅश म्हणजे रेघ मध्येच तुटते, टी (एक रेघ) पाठवला तर समोरच्याला आय (दोन टिंबं) ऐकू येतो, आणि आपण सेटला शिव्या देत बसतो. टंगस्टनची जुनी की आजच्या सेटला लावली की हाच रोग, धातू भारी पण पाच व्होल्टला थर फुटत नाही.

मी स्वतः एक येडेपणा केलाय. मंगळवार पेठेत भंगारातून एक जुनी पितळी की मिळाली, घरी आणून देवाच्या भांड्यासारखी चिंच लावून घासली. लखलखली! आणि दोन दिवसांनी चालेना. चिंचेचा आंबटपणा खिळीत शिरून तिथं हिरवं धरलं होतं. करंट पॉइंटमधून दांडीत आणि दांडीतून खिळीच्या वाटेनंच बाहेर जातो हे मी विसरलो होतो, म्हणून तर चांगल्या कीला दांडीपासून बुडापर्यंत एक लवचिक तांब्याची वेणी जोडलेली असते, खिळीच्या भरवशावर राहायला नको. मी पॉइंट तपासत बसलो आणि दोष खिळीत.

कागदाचा उपाय असा आला. साधा जाड बाँड पेपर, त्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरा भिजवून पॉइंटमध्ये धरायची, की हलकी दाबायची, पट्टी ओढून घ्यायची, मग एकदा कोरडी. कागद काळा येतो तोवर परत. मळ निघतो, धातू राहतो. आणि आताच्या बऱ्याच पॅडलना, म्हणजे आडव्या दाबायच्या नव्या कींना, सोन्याचा मुलामा असतो, सोन्यावर थर बसतच नाही म्हणून, पण तो मुलामा इतका पातळ की कानस दोनदा फिरली की खालचा धातू उघडा.