बजी क्लबचं शोचं वर्ष असं का आखलेलं असतं, त्यामागची जुनी हकीकत

बजी, म्हणजे बजरीगार हा छोटा पोपट, त्याच्या शोला पहिल्यांदा आलेला माणूस पक्षी बघायच्या आधी पिंजरे बघतो आणि विचारतो, हे सगळे एकसारखेच कसे काय? बाहेरून काळे, आतून पांढरे, समोर तारा, दोन दांड्या, खाली पसरलेले दाणे आणि ओळखीला फक्त नंबरचं लेबल. मालकाचं नाव नाही, कसली खूण नाही, आणि मुद्दाम केलेली खूण सापडली तर पक्षी थेट बाद. माप पण ठरलेलं, ब्रिटिश पद्धतीत १४ इंच लांब, १२ इंच उंच आणि सव्वासहा इंच खोल. हे असं का, याची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांची आहे, आणि ती कळली की क्लबचं अख्खं वर्ष, म्हणजे पिल्लाच्या पायात रिंग कधी, जोड्या कधी लावायच्या, पिल्लांचा शो कधी, मोठा शो कधी, सगळं आपोआप जुळत जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पक्ष्याबद्दल. मराठीत बरेच जण बजीला सरसकट लव्हबर्ड म्हणतात, पण लव्हबर्ड हा आफ्रिकेतला छोटा पोपट आणि बजी ऑस्ट्रेलियाचा. बजरीगार हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या गमिलराय भाषेतल्या शब्दावरून आलंय. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ यांनी याचं शास्त्रीय वर्णन केलं, पाठीवरच्या लाटांसारख्या रेघांवरून नाव दिलं, आणि १८४० मध्ये जॉन गूल्ड जिवंत बजी इंग्लंडला घेऊन आले. ते पक्षी त्यांचे मेहुणे चार्ल्स कॉक्सन यांनी ऑस्ट्रेलियात हाताने वाढवलेले होते. रानातला बजी म्हणजे हिरवागार, पिवळ्या तोंडाचा, साधारण १८ सेंटीमीटरचा आणि ३०-४० ग्रॅमचा पक्षी, मोठ्या थव्यात राहणारा, पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या मागे कोरड्या प्रदेशात शेकडो मैल फिरणारा. त्याला ठरलेला विणीचा हंगाम असा नाही, पाऊस पडला, गवत बियांवर आलं की निलगिरीच्या ढोलीत अंडी घालायला मोकळा. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं शो कॅलेंडर यावरच उभं आहे.

युरोपात हा पक्षी इतक्या पटकन रुळला की पन्नासेक वर्षांत त्याचे कारखाने म्हणावेत असे फार्म उभे राहिले. फ्रान्समध्ये तुलूझला तर हजारोंनी पक्षी निपजायचे. आणि एवढे पक्षी निपजायला लागले की त्यात वेगळा रंग दिसणारच. रानात पिवळं किंवा निळं पिल्लू जन्मलं तर हिरव्या थव्यात ते लांबून दिसतं आणि ससाण्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही, पिंजऱ्यात मात्र तेच पिल्लू सगळ्यात जास्त जपलं जातं. १८७० च्या दशकात पिवळे आले, १८८० च्या आसपास बेल्जियममध्ये निळा आला, १९१० मध्ये ते आकाशी निळे पक्षी लंडनच्या प्रदर्शनात ठेवले तेव्हा लोक बघतच राहिले, आणि १९१५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑलिव्ह आला, ज्यातून पुढे कोबाल्ट (गडद निळा) आणि मॉव्ह (करडा जांभळट) तयार झाले. (गडद रंगाच्या फॅक्टरची, म्हणजे रंग गडद करणाऱ्या जीनची सुरुवात ही. एक फॅक्टर म्हणजे गडद हिरवा किंवा कोबाल्ट, दोन म्हणजे ऑलिव्ह किंवा मॉव्ह.)

मग १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या बजीची लाट आली. भेट म्हणून निळा बजी देण्याची फॅशनच झाली, आणि एकेका चांगल्या जोडीला शंभर पौंडाच्या वर भाव गेला, त्या काळात शंभर पौंड म्हणजे केवढी रक्कम! लाट आली तशी ओसरली पण, आणि ज्यांनी फक्त पैशासाठी पक्षी भरले होते त्यांचं दिवाळं निघालं. मला वाटतं शोच्या छंदासाठी हे एका अर्थी चांगलंच झालं, कारण भाव कोसळल्यावर जे उरले ते पक्ष्यावर खरं प्रेम असलेले लोक होते.

याच गडबडीत १९२५ साली लंडनला बजरीगार क्लब स्थापन झाला. तोवर पक्ष्यांच्या प्रदर्शनात राज्य कॅनरीचं होतं, बजी बिचारा इतर परदेशी पक्ष्यांच्या रांगेत एका कोपऱ्यात. त्याला ना स्वतःचं स्टँडर्ड, ना स्वतःचे क्लास म्हणजे स्पर्धेचे गट, जजला जे आवडेल ते पहिलं. क्लब आला आणि रंगांची यादी झाली, आदर्श पक्षी कसा असावा हे कागदावर आलं, जजांचं पॅनेल झालं. १९३० मध्ये नाव बदलून बजरीगार सोसायटी झालं. मार्क्वेस ऑफ टॅव्हिस्टॉक, म्हणजे पुढचे ड्यूक ऑफ बेडफर्ड, हे सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी, आणि त्यांच्याकडे मोकळे सोडले तरी संध्याकाळी परत घरी येणारे बजी होते. सारख्या काळ्या-पांढऱ्या पिंजऱ्याचा नियम याच मांडणीतला. आधी जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे पिंजरा आणायचा आणि पिंजऱ्यावरून मालक ओळखू यायचा. सगळे पिंजरे सारखे केले की जजसमोर फक्त पक्षी उरतो, आणि नव्याने सुरुवात करणारा माणूस जुन्या दिग्गजाच्या शेजारी बरोबरीने बेंचवर बसतो. मला या छंदातला हा सगळ्यात सुंदर नियम वाटतो.

याच १९२० च्या दशकात जर्मनीत ब्रेमेनला हान्स डुंकर नावाचे शाळामास्तर आणि त्यांचे मित्र, श्रीमंत व्यापारी कार्ल ह्यूबर्ट क्रेमर, यांनी मोठमोठ्या एव्हिअरीत (पक्ष्यांच्या जाळीच्या घरांत) हजारो बजींच्या जोड्या लावून रंग कसे उतरतात याचा हिशोब मांडला. दोन हिरव्यांना निळं पिल्लू कसं होतं, स्प्लिट म्हणजे काय (दिसतो एका रंगाचा, पण दुसरा रंग आत लपलेला), हे सगळं तिथून. आज कुठलाही ब्रीडर पिल्लं अंड्यात असतानाच रंगाची टक्केवारी सांगतो ती या कामाच्या जिवावर. निळा म्हणजे खरं तर पिवळा रंग नसलेला हिरवा, पिवळं द्रव्य तयारच होत नाही आणि मग उरतो तो निळा, हे ब्रीडरना तेव्हाच कळलं होतं, त्यामागचा नेमका जीन मात्र शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये सापडला.

आता रिंग. माझ्या मते शोचं वर्ष घडवलं ते रिंगने. पिल्लू साधारण पाच ते दहा दिवसांचं असताना त्याच्या पायात बंद धातूची रिंग घालतात. पुढची दोन बोटं आणि मागचं एक लांब बोट एकत्र धरून रिंग त्यावरून सरकवायची आणि राहिलेलं छोटं मागचं बोट काडीने अलगद बाहेर काढायचं. दोन-चार दिवस उशीर झाला की पाय मोठा होतो आणि रिंग चढतच नाही, आणि एकदा चढली की कापल्याशिवाय निघत नाही. रिंगवर वर्ष असतं, ब्रीडरचा कोड असतो, दर वर्षी रिंगचा रंग वेगळा. म्हणजे म्हातारा पक्षी तरुण म्हणून खपवता येत नाही आणि विकत आणलेला पक्षी घरी निपजला म्हणून ब्रीडर क्लासमध्ये घालता येत नाही, तिथे स्वतःच्याच कोडची रिंग लागते.

पण रिंगवर वर्ष आलं की घोड्यांच्या शर्यतीत होतं तेच इथे झालं. एकाच वर्षाच्या रिंगचे सगळे पक्षी एकाच तरुण क्लासमध्ये, मग तो जानेवारीत जन्मलेला असो की जुलैत. लवकर जन्मलेल्याला वाढायला, भरायला जास्त महिने मिळतात. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं नवी रिंग १ जानेवारीपासून, तर ब्रीडर उलटा हिशोब करतात. जोडी लावल्यापासून पहिलं अंडं साधारण दहा दिवसांनी, उबवण अठरा दिवस, रिंगचं वय सातेक दिवस, झाले पस्तीस, म्हणजे जोडी नोव्हेंबरच्या शेवटी लावली की पहिलं पिल्लू बरोबर नव्या वर्षाची रिंग घालायला तयार. ऐन थंडीत, दिवस सगळ्यात लहान असताना, दिवे लावून, खोली उबदार ठेवून ब्रीडिंग करायचं! दुसरा एखादा पक्षी असता तर हे जमलं नसतं, वसंत आल्याशिवाय त्याने अंडं दिलं नसतं. बजीचं तसं नाही, खाणं भरपूर, उजेड पुरेसा आणि नेस्ट बॉक्स समोर असला की तो समजतो पाऊस पडून गेला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानाने लावलेली ही सवय लंडनच्या थंडीतल्या शेडमध्ये कामाला आली.

पुढचं वर्ष मग पिसांच्या हिशोबाने चालतं. अंडी एक दिवसाआड येतात म्हणून एकाच घरट्यात पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं, पाचेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात, म्हणून त्यांना बारहेड म्हणतात. तीन-चार महिन्यांत पहिली पीसझड होते, रेघा मागे सरकतात, मास्क, म्हणजे तोंडाखालचा ठिपक्यांचा भाग, भरतो. तिकडच्या उन्हाळ्यातले तरुण पक्ष्यांचे शो या टप्प्यासाठी. मग परत पीसझड, आणि शरद ऋतूत पक्षी पूर्ण पिसात आला की मोठे ओपन शो आणि शेवटी सोसायटीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, जो कित्येक वर्षं डॉन्कास्टरला भरायचा. तो झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत परत जोड्या. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे, तिथे नॅशनल शो साधारण मे-जूनच्या आसपास आणि राज्यांच्या टीम एकमेकांविरुद्ध उतरतात. एखादं शेपटीचं पीस शोच्या आधी गळलं तर ते परत पूर्ण यायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणजे तो पक्षी त्या वर्षी घरी. आधी रडू यायचं असं झालं की, आता सवय झालीये, पण वाईट वाटायचं थांबत नाही.

तयारीचं पण असंच. स्टँडर्डप्रमाणे मास्कवर सहा मोठे गोल ठिपके, त्यातले कडेचे दोन गालाच्या पट्ट्याखाली थोडे झाकलेले. पक्ष्याला असतात जास्त, त्यामुळे शोच्या काही दिवस आधी चिमट्याने नको ते काढून सहा ठेवायचे, आणि घाईत चुकीचा ठिपका निघाला तर कपाळावर हात मारून घ्यायचा. रोज पाण्याचा फवारा, शो केजमध्ये बसायची सवय, जजची काठी जवळ आली तरी न बिथरता उभ्या रेषेपासून ३० अंशात शांत बसणं, हे सगळं आठवडेच्या आठवडे करावं लागतं. उभं राहण्याला एवढं महत्त्व का, तर घाबरून तारेला लटकलेल्या पक्ष्याचं काहीच बघता येत नाही.

१९३० च्या दशकात दर वर्षी रंगाचा किंवा रेघांचा काही ना काही नवा प्रकार आला. सिनॅमन, अल्बिनो, डेन्मार्कमधून रिसेसिव्ह पाइड, ऑस्ट्रेलियातून ग्रे आणि क्लिअरविंग, १९३३ मध्ये ॲडलेडच्या बाजूला रानात पकडलेली ओपलिन मादी. लंडनच्या पक्षी प्रदर्शनांचं मोठं ठिकाण असलेला क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये जळून गेला, मग युद्ध आलं, परदेशातून येणारी बाजरीवर्गातल्या दाण्यांची आणि कॅनरी सीडची आवक आटली, दाणे मिळेनात म्हणून लोकांनी जपलेल्या लाइन, म्हणजे पक्ष्यांचे वंश, कमी केल्या, काहींच्या संपल्याच. पण युद्धानंतर बजी ब्रिटनच्या घराघरात पोचला, १९५८ मध्ये स्पार्की विल्यम्स नावाच्या बजीने बीबीसीची बोलण्याची स्पर्धा जिंकली आणि या पक्ष्याला वेगळीच प्रसिद्धी मिळाली. क्लबांना सभासद मिळाले ते या लाटेत.

आणि शोचा पक्षी बदलत गेला. आदर्श लांबी आधी साडेआठ इंच होती, आता साडेनऊ इंच, म्हणजे जवळजवळ २४ सेंटीमीटर. डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं, डोळ्यावर येणारी लांब पिसं. पाय जाड झाले म्हणून रिंगचा व्यास वाढवावा लागला, यावरूनच काय ते समजा. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने क्वारंटाइनमधून युरोपातले शो बजी आत येऊ दिले. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या पक्ष्याचा हा वंशज परत मायदेशी आला तो एवढा बदलून, की रानातल्या भाऊबंदांशेजारी ठेवला तर वेगळीच जात वाटावी. उलट दिशेला स्पँगल नावाचा प्रकार गेला, १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात निघाला आणि तिथून युरोपात पोचला.

मोठं पीस हवं म्हणून बफ, म्हणजे लांब-रुंद पिसांच्या, पक्ष्याला बफच लावत गेल्याने काय झालं हे मात्र आपण लपवू नये. पिसं इतकी दाट की मीलन नीट होत नाही, ब्रीडर शेपटीखालची पिसं कापून जोड्या लावतात, अंडी कोरी, म्हणजे न फळलेली, जातात. काही पक्ष्यांना डोळ्यावर आलेल्या पिसांमुळे नीट दिसत नाही. मी शोचा माणूस आहे, मला भारदस्त डोकं आवडतं, पण ज्याला दाणा शोधताना मान वाकडी करावी लागते तो पक्षी पहिला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. स्टँडर्ड लिहिणारे आपणच होतो ना, मग जज म्हणून डोळा दिसला पाहिजे असं म्हणायला कुणाची परवानगी लागते?

दुसरी काळजी रंगांची. बेस्ट इन शोला बहुतेक वेळा मोठे नॉर्मल, ओपलिन, ग्रे ग्रीन, स्पँगल असेच येतात, कारण जास्तीत जास्त ब्रीडरनी आकारावर मेहनत घेतली ती त्यांच्यावर. क्लिअरविंग, रिसेसिव्ह पाइड, फॅलो हे प्रकार अंगाने लहान राहिले, त्यामुळे नवा माणूस ते घ्यायलाच बघत नाही. म्हणून क्लबच्या शेड्यूलमध्ये व्हरायटीचे वेगळे क्लास असतात आणि एंट्री कमी म्हणून ते एकत्र करायची सूचना आली की मी दर वेळी विरोध करतो. एका क्लासला एकच क्लिअरविंग आला तरी चालेल, त्याचा पिंजरा बेंचवर लागला पाहिजे, त्याला जजने दोन मिनिटं दिली पाहिजेत, आणि जो माणूस तो पाळतोय त्याने पुढच्या वर्षी परत जोडी लावली पाहिजे.