स्टार्टर मोटर व सोलेनॉइड (मोटारगाडीतील)

मोटारगाडीचे एंजिन चालू करण्यासाठी त्याला पहिले काही फेरे देणारी विद्युत् मोटर आणि तिच्या पाठीवर बसवलेली विद्युत्‌चुंबकीय कळ. अंतर्ज्वलन एंजिन आपले आपण सुरू होत नाही. दट्ट्याने (पिस्टनने) इंधन व हवेचे मिश्रण आत ओढून दाबल्याशिवाय ज्वलन नाही आणि ज्वलनाशिवाय दट्ट्या हलत नाही. हा तिढा बाहेरून जोर लावून सोडवावा लागतो. पेट्रोल एंजिनाला त्यासाठी मिनिटाला साधारण ६० ते १०० फेरे पुरतात. डीझेल एंजिनात दाब जास्त असल्याने जोरही जास्त लागतो.

गॅरेजमध्ये या जोडीला नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जुन्या नावाचा तो उरलेला अर्धा भाग. ‘सेल्फ मारणे’, ‘सेल्फ उचलत नाही’ हे प्रयोग गाडी न चालवणाऱ्यालाही कळतात. सोलेनॉइडला शालेय पुस्तकांत नालकुंतल असा शब्द आहे, पण तो वर्गाबाहेर फारसा आलेला नाही. मूळ शब्द आंद्रे-मारी अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात नळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनवला. प्रस्तुत नोंदीत प्रचलित शब्दच वापरले आहेत.

इतिहास : विद्युत् स्टार्टरचे जनकत्व बहुतेक ग्रंथांत चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्यांना दिलेले आढळते. ते सरसकट मान्य करता येत नाही. इंग्लंडमधील केंट परगण्यात ईस्ट पेकम येथे बनलेल्या आर्नल्ड गाडीला एच. जे. डाउसिंग यांनी १८९६च्या सुमारास फ्लायव्हीलशी (एंजिनाच्या दांड्यावरील जड चाकाशी) जोडलेले विद्युत् यंत्र बसवले होते आणि ते एंजिन सुरू करण्यासाठी व चढावर मदतीसाठी होते, असे सांगितले जाते. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना विद्युत् स्टार्टरचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. केटरिंग यांचे पेटंट १९१५चे, म्हणजे कोलमन यांच्यानंतर बारा वर्षांनी मिळालेले. नुसत्या तारखा पाहिल्या, तर केटरिंग तिसरे ठरतात.

तरीही श्रेयाचे पारडे त्यांच्याकडे झुकते, याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळच्या अभियंत्यांचा हिशेब असा होता, की एंजिन फिरवण्याएवढी शक्ती सतत देणारी मोटर आणि तिला पुरेशी बॅटरी गाडीत मावणार नाही. हिशेब चूक नव्हता. ‘सतत’ हे गृहीतक चूक होते. केटरिंग यांनी पूर्वी डेटन (ओहायओ) येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडण्यापुरती ती क्षणभर चालायची, त्यामुळे लहान मोटरीवर तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट भार टाकला तरी ती तापण्याआधीच काम उरकायचे. हीच युक्ती त्यांनी एंजिनाला लावली. ‘थोडा वेळ, भरमसाट भार’ हे तत्त्व पुढे या यंत्राच्या बांधणीत, बिघाडांत आणि वापराच्या नियमांत सगळीकडे दिसते. म्हणून प्रस्तुत लेखकाला आद्यत्वाच्या वादापेक्षा ते महत्त्वाचे वाटते.

केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह १९०९ मध्ये स्थापन केलेल्या डेल्को कंपनीने हा स्टार्टर कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीसाठी बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो कारखान्यातूनच बसून आला. एकच यंत्र सुरू करताना मोटर आणि नंतर बॅटरी भरणारे जनित्र अशी दोन्ही कामे करी. सुरू करताना २४ व्होल्ट आणि एरवी ६ व्होल्ट अशी बॅटऱ्यांची जोडणी बदले. या योजनेबद्दल कॅडिलॅकला मोटारतंत्रातील प्रगतीसाठी दिला जाणारा ब्रिटनमधील ड्यूअर करंडक मिळाला.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना या कामाची निकड का वाटली, याविषयी एक कथा सांगतात. त्यांचे मित्र व मोटार-निर्माते बायरन कार्टर डेट्रॉइटमधील एका पुलावर बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करत असता हँडल उलट फिरले, जबडा मोडला आणि पुढे त्यातच त्यांचा अंत झाला. कार्टर यांचे निधन १९०८ मध्ये झाले. कथेच्या काही पाठांत मात्र हा प्रसंग १९१०च्या हिवाळ्यात घडतो, ते जुळत नाही. गाडी कोणाची होती, पूल कोणता, मृत्यू जखमेने की न्यूमोनियाने, याबाबतही एकवाक्यता नाही. हँडलच्या उलट झटक्याने मनगटे मोडत, एवढे मात्र निर्विवाद आहे. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही शिकवण त्यातूनच आली. भारतात ॲम्बॅसडरसारख्या गाड्यांना हँडलची सोय बरीच वर्षे टिकली, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरांना ती अजून आठवते.

फोर्डच्या मॉडेल टीला विद्युत् स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला. चावी फिरवूनच प्रज्वलन आणि स्टार्टर दोन्ही चालवण्याची पद्धत क्रायस्लरने १९४९ मध्ये रूढ केली. तोवर पायाखालचे बटण किंवा ओढायची दांडी असे. भारतात स्टार्टर बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांत चेन्नईच्या लूकास-टीव्हीएसचा (स्थापना १९६१) समावेश होतो.

रचना व कार्य : मोटर एकदिश प्रवाहाची असून जुन्या प्रकारात तिच्या क्षेत्र-गुंडाळ्या आर्मेचरशी (मोटरीच्या फिरत्या, तार गुंडाळलेल्या भागाशी) एकसरीत जोडलेल्या असतात. अशी मोटर थांबलेल्या अवस्थेतच सर्वांत जास्त पीळ देते, आणि नेमका तोच हवा असतो. लहान पेट्रोल गाडीच्या स्टार्टरची शक्ती साधारण १ किलोवॉटच्या आसपास असते. एंजिन फिरवताना तो १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो आणि सुरुवातीच्या क्षणी त्याहूनही जास्त. १९८०च्या दशकापासून क्षेत्र-गुंडाळ्यांऐवजी कायम चुंबक आणि आत दंतचक्रांची वेगघट असलेले हलके स्टार्टर रुळले.

मोटरीच्या टोकावरचे लहान दंतचक्र (पिनियन) फ्लायव्हीलच्या कडेवरील रिंग गिअरमध्ये अडकते. दोहोंच्या दात्यांचे प्रमाण १:१० ते १:१५ असते. एंजिन पेटून १,००० फेऱ्यांवर गेले आणि पिनियन अडकलेलेच राहिले, तर हिशेबाने मोटर दहा-पंधरा हजार फेऱ्यांनी फिरेल आणि आर्मेचरची तार उडून बाहेर येईल. म्हणून मध्ये एकाच दिशेने जोर नेणारा क्लच असतो. पूर्वीच्या बेंडिक्स पद्धतीत पिनियन आट्यांवर स्वतःच्या जडत्वाने पुढे सरके. ती पद्धत मागे पडली, पण क्लचसकट पिनियनला कारागीर अजून ‘बेंडिक्स’च म्हणतात.

सोलेनॉइडची गुंडाळी आतला लोखंडी दांडा ओढते आणि त्यातून दोन कामे एकदम होतात : सोलेनॉइड काट्याच्या तरफेने पिनियन पुढे ढकलतो, आणि ते अडकल्यावर तांब्याच्या चकतीने बॅटरीचा जाड प्रवाह मोटरीला जोडतो. चावीतून येणारा बारीक प्रवाह ज्या अग्रावर (टर्मिनलवर) येतो त्याला जर्मन मानकानुसार ५०, तर बॅटरीच्या जाड केबलच्या अग्राला ३० हा क्रमांक आहे.

आतील गुंडाळ्या दोन असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. धरणारी गुंडाळी सरळ अर्थला (गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला) जाते. ओढणारी जाड गुंडाळी मात्र मोटरीतूनच अर्थ घेते, त्यामुळे दांडा सरकत असतानाच मोटर हळू वळते आणि दात्यावर दाता आला असला तरी पिनियन सरकून बसते. चकती टेकताच ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर बॅटरीचाच विद्युत् दाब (व्होल्टेज) येतो, तिच्यातला प्रवाह थांबतो आणि धरणारी एकटी दांडा तोलून धरते. चावी सोडल्यावर काय होते, हे बहुतेक पुस्तकांत सांगितलेले नसते. चकती अजून टेकलेलीच असल्याने मोटरीच्या बाजूने प्रवाह ओढणाऱ्या गुंडाळीत उलटा शिरतो आणि धरणारीतून नेहमीच्या दिशेने अर्थला जातो. दोन्हींचे वेढे सारखे असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि स्प्रिंग दांडा मागे खेचते. एका गुंडाळीचे काही वेढे आतल्या आत जुळले, तर हा तोल बिघडतो आणि चावी सोडूनही सेल्फ फिरत राहू शकतो.

बिघाड व परीक्षण : काढून ठेवलेल्या स्टार्टरांपैकी बरेच निर्दोष निघतात. दोष बॅटरीत, तिच्या पांढरी पूड धरलेल्या टर्मिनलांत किंवा एंजिनाच्या अर्थ पट्टीत असतो. ‘टकटकटक’ असा सलग आवाज बहुधा बॅटरी उतरल्याचा असतो. चकती टेकते, दाब कोसळतो, धरणारी गुंडाळी दांडा सोडते, दाब परत येतो, दांडा पुन्हा ओढला जातो. एकच ठसठशीत ‘टक’ आणि दिवे तेजस्वीच, असे असेल तर सोलेनॉइडची संपर्कटोके जळालेली किंवा मोटरीचे कार्बन (आर्मेचरला प्रवाह पोचवणारे ब्रश) घासलेले असण्याचा संभव मोठा. नुसती घरघर होऊन एंजिन न वळणे हे पिनियनचा क्लच घसरल्याचे लक्षण होय.

मल्टिमीटरने खात्री करता येते. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२·६ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. सेल्फ मारताना तो ९·६च्या खाली जाऊ नये. बॅटरीच्या धन खांबापासून ३० क्रमांकाच्या अग्रापर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली, तर केबल पाहावी. ५० क्रमांकाच्या अग्रावर दाब येतच नसेल, तर स्टार्टर निरपराध आहे. रिले, न्यूट्रलची किंवा क्लच-पेडलची कळ (गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणारी), चावीचा स्विच यांकडे जावे. पाण्यात बुडालेल्या गाडीचा सेल्फ मुळीच मारू नये. सिलिंडरात पाणी असले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

अडकलेल्या स्टार्टरवर हातोडीने ठोकण्याचा उपाय सर्वज्ञात आहे. कार्बन जागेवर बसून गाडी एखाद्या वेळी सुरू होतेही. पण कायम चुंबकाच्या मोटरीत चुंबक ठिसूळ असतात आणि ठोक्याने तडकतात. उपाय जुन्या मोटरींच्या काळातला आहे.

घरी बदलणे : अमेरिकेत हे काम घराच्या अंगणात करण्याची प्रथा जुनी आहे. भारतात स्टार्टर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेऊन कार्बन, बुश बदलणे किंवा आर्मेचर भरून घेणे स्वस्त पडत असल्याने घरी फार तर काढणे-बसवणे होते.

प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. ३० क्रमांकाच्या केबलमध्ये फ्यूज सहसा नसतो आणि ती चावी बंद असतानाही जिवंत असते. तिला पाना लागून सांगाड्याला टेकला तर पाना लाल होतो. गाडी उचलावी लागल्यास ती स्टँडवर ठेवावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. तारा काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेणे बरे. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटाकृती आवरणावर दोन किंवा तीन बोल्टांनी बसवलेला असतो. वरचा बोल्ट बहुधा नजरेआड असतो आणि बराचसा वेळ तोच खातो. शेवटचा बोल्ट काढताना मोटर हाताने तोलावी, तिचे वजन तीन ते सात किलो असते. काही अमेरिकी एंजिनांत पिनियन व रिंग गिअरमधील फट राखण्यासाठी पातळ पत्रे (शिम) असतात. ते पडले तर जसेच्या तसे परत घालावे लागतात. याच वेळी रिंग गिअरचे दाते पाहून घ्यावे. चार सिलिंडरांचे एंजिन ठरावीक जागीच थांबत असल्याने दाते दोन ठिकाणी अधिक झिजतात.

सोलेनॉइड एकटा बदलता येतो. मोटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचा नट आणि दोन-तीन स्क्रू काढले, की तो सुटतो. बसवताना दांड्याचे टोक तरफेत नीट अडकवावे लागते. तांब्याच्या खांबावरचा नट जास्त आवळल्यास खांब फिरतो व बेकेलाइटचे झाकण तडकते. काही जपानी बनावटीच्या सोलेनॉइडांत झिजलेली तांब्याची टोके तेवढी बदलता येतात. नवा स्टार्टर चढवण्याआधी तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून जंपर केबलने चालवून पाहावा. न पकडता चालवल्यास तो पहिल्या झटक्याला हातातून उडतो. टेकण्याची जागा व अर्थ पट्टीचे टोक धातू चकाकेपर्यंत घासावे, कारण मोटरीचा परतीचा सगळा प्रवाह तेथूनच जातो. ऋण तार सर्वांत शेवटी.

सोलेनॉइडची अग्रे स्क्रू ड्रायव्हरने जोडून एंजिन फिरवण्याची चाल न्यूट्रलची कळ डावलते. गाडी गिअरमध्ये असली, तर ती समोर किंवा खाली असलेल्या माणसावर जाते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये विसावा द्यावा, कारण या मोटरीला थंड ठेवणारा पंखा नसतो.

अलीकडील प्रकार : सिग्नलला एंजिन आपोआप थांबवणाऱ्या गाड्यांत जास्त फेऱ्या सोसणारे स्टार्टर वापरतात. भारतात मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझच्या डीझेल गाडीत पट्ट्याने फिरणारे स्टार्टर-जनित्र आणले. एकाच यंत्राने दोन्ही कामे करण्याची १९१२ची कल्पना त्यात वेगळ्या रूपाने परत आलेली दिसते. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीत स्टार्टर नसतोच.