उजळाईवाडी की लोहगाव? किलोमीटर मोजण्याआधी

सांगलीत कुणाच्या घरी विमानप्रवासाचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते : "कोल्हापूर इतके जवळ असताना पुण्याला कशाला जायचे?" त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : "कोल्हापूरच्या विमानाचा भरवसा नाही, सरळ पुणे गाठा." ही दोन वाक्ये मी लग्नघरांत, बँकेच्या रांगेत आणि मिरजेच्या फलाटावर इतक्यांदा ऐकली आहेत की आता ती ऐकवत नाहीत. पहिल्या वाक्यात जवळचे म्हणजे सोयीचे असे धरून चाललेले असते. दुसऱ्या वाक्यात मात्र जी गोष्ट केवळ विमानांच्या संख्येमुळे घडते, तिचा दोष विमानतळाच्या माथी मारलेला असतो.

पुण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, कात्रज हा रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे, आणि सांगलीतून पुण्याचा लोहगाव विमानतळ गाठायला पाच तास लागतात, शहरातली कोंडी धरून सहा तास हाताशी ठेवावेत, हेही आपण जाणतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि प्रवासी वाहतूक तिथे वेगळ्या भागातून चालते. 2021च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या कामासाठी तो विमानतळ दोन आठवडे बंद होता, तेव्हा पुणेकरांनाही मुंबईचा रस्ता धरावा लागला होता. एरवी देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांची विमाने तिथून मिळतात.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली, तो सुरू झाला. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली असे गेले की सव्वा ते दीड तासात आपण दारात असतो, रांगा लहान असतात आणि वाहन लावण्याचा त्रास नसतो. 10 मार्च 2024 रोजी कोल्हापूर आणि पुणे या दोन्ही विमानतळांच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून "आता आपलेही पुण्यासारखेच झाले" हे वाक्य सर्रास ऐकू येऊ लागले. कोल्हापूरची नवी इमारत सुरेख आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु विमाने इमारतीवर उतरत नाहीत. लोहगावची धावपट्टी 2,535 मीटर लांब आहे आणि उजळाईवाडीची वाढवल्यानंतरही 1,930 मीटर. म्हणून कोल्हापुरात मुख्यतः सत्तर-पंचाहत्तर प्रवाशांची लहान विमाने येतात, तर पुण्यातून दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांची विमाने एकामागून एक सुटतात.

खरा घोटाळा इथून पुढे आहे. आपण दोन विमानतळांची तुलना करताना घरापासूनचे अंतर आणि तिकिटाचा दर या दोनच गोष्टी पाहतो. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा : हे विमान रद्द झाले, तर पुढचे कधी?

गेल्या पावसाळ्यात मी आत्याला उजळाईवाडीला सोडायला गेलो होतो. तिच्या लेकीचे बाळंतपण बेंगळुरूला होते, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा तिने धुवट पंच्यात बांधून मांडीवर घेतला होता. आम्ही दोन तास आधी पोहोचलो, आत सगळे शांत होते, आणि काउंटरवरच्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितले की आजचे विमान रद्द झाले आहे, पैसे परत मिळतील किंवा पुढच्या उपलब्ध विमानात जागा मिळेल. पुढची जागा परवाची होती. तो मुलगा खोटे बोलत नव्हता आणि नियमाबाहेरही वागत नव्हता. आत्याने डबा पुन्हा घट्ट बांधला आणि आम्ही कोल्हापुरातून रात्रीची बेंगळुरूची बस धरली. हेच पुण्यात घडले असते तर संध्याकाळपर्यंत त्याच शहराचे दुसरे एखादे विमान, कदाचित दुसऱ्या कंपनीचे आणि महाग दराचे, पण निश्चित मिळाले असते. विमाने तर दोन्हीकडे रद्द होतात, पुण्यातही होतात. एका ठिकाणी त्यामुळे दुपार वाया जाते आणि दुसऱ्या ठिकाणी दोन दिवस, एवढाच फरक आहे आणि तोच निर्णायक आहे.

म्हणून "कोल्हापूरहून विमान आहे" हे वाक्य वारासहित बोलले गेले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. रोजचे विमान आणि आठवड्यातून तीन-चार दिवसांचे विमान यांना आपण एकाच शब्दाने संबोधतो, आणि तिथेच फसगत होते. मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी ज्या विमानाने गेला, ते आज असेलच असेही नाही. त्याचे कारण उडान योजनेच्या रचनेत आहे. 2016 साली आखलेल्या आणि 2017 साली प्रत्यक्षात आलेल्या या योजनेत लहान शहरांच्या मार्गांवर ठरावीक जागांचे दर मर्यादेत ठेवले जातात आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षांपर्यंत सरकार भरून काढते. मुदत संपली की मार्ग स्वतःच्या उत्पन्नावर चालवावा लागतो, आणि प्रवासी पुरेसे नसतील तर तो बंद होतो किंवा त्याचे वार कमी होतात. योजना मला मनापासून चांगली वाटते, कारण तिच्यामुळेच आपल्या भागातून हैदराबाद, बेंगळुरू, तिरुपती ही शहरे हवाई मार्गाने जोडली गेली. मात्र वेळापत्रक दर वेळी नव्याने पाहावे लागते, ऐकीव माहितीवर चालत नाही.

याच फरकाला जोडून एक तिढा आहे, तो म्हणजे जोडविमानांचा. कोल्हापूरहून हैदराबाद आणि तिथून दिल्ली असा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असेल, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामान बहुधा थेट दिल्लीलाच मिळते. हीच दोन विमाने स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळ्या तिकिटांवर घेतली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता. शिवाय मध्ये उतरून सामान घ्यायचे, बाहेर पडायचे आणि पुन्हा काउंटरवर द्यायचे असते, आणि बहुतेक कंपन्यांचा देशांतर्गत काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. एखादा तिकीट काढून देणारा "मध्ये दोन तास आहेत की, निवांत होते" असे म्हणाला, तर दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर आहेत का, हे त्याला तिथल्या तिथे विचारावे. लहान विमानतळावरून निघताना वेगळी तिकिटे घेऊच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

परदेशी जाणाऱ्याने एक तर कोल्हापूरहूनच अखेरपर्यंतचे एक तिकीट घ्यावे, नाही तर रस्त्याने मुंबई गाठावी. 25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि द्रुतगती मार्गाने येणाऱ्या आपल्यासारख्यांना तो आधी लागतो. मात्र मुंबई आणि नवी मुंबई हे दोन स्वतंत्र विमानतळ आहेत. सांताक्रूझ आणि सहार ही मुंबईच्या एकाच विमानतळाची दोन टर्मिनले, तसा हा प्रकार नाही. कराडच्या आणि कवलापूरच्या धावपट्ट्यांचा विषय या निवडीत आणू नये, तिथून प्रवासी विमान सुटत नाही.

साताऱ्यातल्या वाचकांना दोन्ही विमानतळ जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, तेव्हा त्यांनी पुणे सोडण्याचे कारण मला दिसत नाही. इस्लामपूर, मिरज, जयसिंगपूरच्या मंडळींनी तिरुपतीच्या दर्शनाला किंवा नातेवाइकांकडे जाताना, म्हणजे दिवस मागेपुढे झाला तरी चालणार असेल तेव्हा, खुशाल उजळाईवाडीहून निघावे. मुलाखत, व्हिसा, न्यायालयाची तारीख किंवा मुहूर्त असेल तर पुण्याहून निघावे, अन्यथा कोल्हापूरहून एक दिवस आधी. पुराच्या दिवसांत शिरोलीच्या महामार्गाची चौकशी करूनच घर सोडावे. 2019 आणि 2021 साली तिथे पाणी आले होते, आणि तेव्हा पन्नास किलोमीटरवरचा विमानतळही पोहोचण्यासारखा राहिला नव्हता.

परतीसाठी माझा हिशेब उलटा असतो. घरी येताना मुहूर्त गाठायचा नसतो, आणि मध्यरात्री लोहगावला उतरून सांगलीचे वाहन शोधण्यापेक्षा दिवसाउजेडी उजळाईवाडीला उतरणे कितीतरी सुखाचे असते. देशांतर्गत प्रवासात जाण्यायेण्याची तिकिटे वेगवेगळ्या विमानतळांची घेतली म्हणून सहसा जादा पैसे पडत नाहीत. आत्या महिन्याने परत आली ती बेंगळुरूहून कोल्हापूरच्याच विमानाने. विमान वेळेवर उतरले, आणि रिकामा डबा तिच्या हातात होता.