ठासणीच्या रायफलीतील मापाचा इतिहास

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायच्या, शिकारी रायफलीत तयार काडतूस नसते. दारू किती आणि गोळी कोणती, हे प्रत्येक बाराला शिकारीच ठरवतो, त्यामुळे चुकीचा धोकाही त्याच्याच पदरी येतो. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या रायफलींत शिशाची गोल गोळी चरबी लावलेल्या कापडात गुंडाळून ठासत, आणि दारू वजनाने न तोलता मापट्याने ओतत. काळ्या दारूच्या (सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या जुन्या दारूच्या) बाबतीत ही सवय निर्धोक होती, कारण मापात थोडा फरक पडला तरी फारसे बिघडत नसे.

अचूकतेचा प्रश्न मात्र नळीच्या आतील आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांच्या, पिळाशी बांधलेला होता. पीळ घट्ट असून दारू जास्त झाली, तर गोल गोळी आट्यांची पकड सोडून घसरते. मध्य प्रांतात काम केलेल्या जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1860च्या दशकात वाघ-गव्यासारख्या जनावरांसाठी मंद पीळ, मोठी गोल गोळी आणि भरपूर दारू यांचा आग्रह धरला, तो याच कारणाने. लांबट गोळीला याउलट घट्ट पीळ लागतो. म्हणून आजही गोल गोळीच्या नळ्यांत 66 इंचांत एक फेरा, तर लांबट गोळीच्या नळ्यांत 28 इंचांत एक फेरा आढळतो, आणि एका नळीत जमलेला भार (दारू आणि गोळीचा मेळ) दुसरीत चांगला चालेलच असे नाही.

खरा धोका 1884 नंतर, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित दारू तयार केल्यावर उभा राहिला. तेच मापटे या दारूने भरले तर दाब इतका चढतो की काळ्या दारूसाठी केलेली नळी फुटू शकते. 1970च्या दशकात अमेरिकेत आलेले पायरोडेक्स हे काळ्या दारूऐवजी वापरायचे मिश्रण वजनाने हलके असले, तरी काळ्या दारूच्याच मापट्याने वापरता यावे अशा बेताने बनवले होते. पुढे आलेली ट्रिपल सेव्हन ही तशीच पर्यायी दारू त्याहून जोरकस असल्याने तिचे माप सुमारे 15 टक्क्यांनी कमी घ्यावे लागते. उत्पादकाने दिलेल्या कमाल मर्यादेच्या बऱ्याच खालून सुरुवात करून, पाच-पाच ग्रेनने (ग्रेन हे दारू मोजण्याचे लहान एकक) वाढवत, गोळ्या निशाणावर कुठे एकत्र पडतात ते पाहायचे, ही रीत यातूनच रुळली.

गोळी दारूवर टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर योग्य मापही नळी फुगवू शकते. म्हणूनच जाणते शिकारी गजावर खूण कोरून ठेवतात आणि प्रत्येक वेळी ती नळीच्या तोंडाशी जुळते का ते पाहतात.