प्राणी-ममी (प्राचीन इजिप्त)

नॅट्रॉन हा नैसर्गिक क्षार, राळ आणि लिननच्या पट्ट्या वापरून टिकवलेली प्राण्यांची शवे. लाडक्या पाळीव जनावरांच्या आणि मृताला परलोकात शिदोरी म्हणून दिलेल्या बदकांच्या व मांसाच्या ममी थडग्यांत सापडतात. मेंफिस या प्राचीन राजधानीतला एपिस बैल मात्र प्ताह देवाचे सजीव रूप. एका वेळी एकच असे आणि मेल्यावर राजासारखा पुरला जाई. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्यूस्त मारिएत यांनी 1851 मध्ये मेंफिसची दफनभूमी सक्कारा येथील सेरापियमच्या, म्हणजे एपिस बैलांच्या दफनस्थानाच्या, भुयारात प्रवेश केला, तेव्हा 60 टनांहून जड दगडी शवपेट्या आढळल्या.

संख्येने सर्वाधिक ममी नवसाच्या. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासून रोमन काळापर्यंत ही प्रथा जोरात होती. भाविक देवळाच्या आवारात ममी विकत घेऊन देवाला वाही: थॉथला आयबिस पक्षी, बास्तेतला मांजर, सोबेकला मगर. मागणी भागवायला जनावरे मुद्दाम पाळली जात. सक्काराच्या, कोल्ह्या-कुत्र्याच्या रूपातल्या अनुबिस देवाच्या भुयारात सुमारे 80 लाख प्राणी ठेवले असावेत, असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य कुत्री, पुष्कळशी तर जन्मून काही तास वा दिवस झालेली पिल्ले. मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत मोडलेल्या माना दिसतात. ज्या देवीचे जनावर, तिच्याच नवसासाठी त्याची मान मुरगळायची, यात त्या काळी कुणाला विसंगती वाटलेली दिसत नाही.

वरची सजावट देखणी असे: दुरंगी पट्ट्यांची चौकटनक्षी, वर रंगवलेले मांजराचे तोंड. आत काय, हा प्रश्न वेगळा. मँचेस्टरच्या संशोधकांनी 800 हून अधिक ममी तपासल्या, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश ममींत प्राण्याचे अवशेषच नव्हते. चिखल, काड्या, बोरू, अंड्यांची टरफले एवढेच. ही फसवणूक म्हणावी, तर पवित्र जागेतला केरही पवित्रच मानला जाई, असे काही अभ्यासक म्हणतात. पण तक्रारी तेव्हाही होत्याच. आयबिस पंथातला ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला सेवक होर याने खापरांवर गैरकारभार नोंदवून ‘एका भांड्यात एक देव’ (म्हणजे एकच पवित्र पक्षी) हा नियम बजावला आहे.

मध्य इजिप्तमधल्या बेनी हसनजवळ सापडलेल्या मांजरांच्या ममी 1890 मध्ये खतासाठी लिव्हरपूलला गेल्या. माल सुमारे 19 टन, म्हणजे अंदाजे 1,80,000 मांजरे. लिलाव पुकारणाऱ्याने हातोड्याऐवजी मांजराचे डोकेच आपटले, असे सांगतात.